सभागृह ऐकत होते

मामींचा हात थांबला. हात थांबला हे मामींच्या आधी हातालाच कळलं. तो कागदावर पेन टेकवून तसाच राहिला, चालत्या माणसाला मागून कुणीतरी हाक मारावी आणि त्याचं पाऊल अर्धवट राहावं तसा, आणि पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका हळूहळू फुगत गेला. देशाच्या सर्वोच्च सभागृहात, अध्यक्षांच्या आसनाच्या बरोबर खाली, हिरव्या कापडाच्या टेबलाशी बसून मामींनी उभी हयात काढली होती. समोर जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं, पाळी संपली की आतल्या खोलीत जाऊन ते स्वच्छ भाषेत उतरवायचं, हे त्यांचं काम. सरकारं पडली तेव्हा हा हात थांबला नव्हता. दोन्ही बाजूंचे सदस्य टेबलावर चढून एकमेकांच्या गळपट्ट्या धरत होते तेव्हा त्यांच्या बुटांच्या मधून वाट काढत तो चालला होता. एकदा एक वयोवृद्ध सदस्य भाषणाच्या ऐन भरात, वाक्याच्या मध्यावर वारले; मामींच्या हातानं ते वाक्य जिथवर आलं होतं तिथवर टिपलं, पुढे एक आडवी रेघ मारली आणि मगच मामी रडल्या. असा तो हात. आणि तो आज थांबला होता एका मूठभर पाखरामुळे.

मामी म्हणजे कंसमामी. हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नको. भाषणं काय, कुणीही लिहील; पण भाषणांच्या मधोमध कंसात काय घालायचं, हशा की नुसती कुजबूज, व्यत्यय की सरळसरळ गोंधळ, टाळ्या म्हणायच्या की बाकं वाजवणं, यात मामींचा शब्द शेवटचा. नव्यानं नोकरीला लागलेला माणूस नाव ऐकून दचकायचा, तेव्हा मामी सांगायच्या, "घाबरू नका, मी भाच्यांना हात लावत नाही." सदस्य मात्र त्यांना वचकून असत. ज्याच्या विनोदापुढे मामींनी 'हशा' लिहिला नाही तो विनोद इतिहासात झालाच नाही. एक मंत्री तर दर अधिवेशनात त्यांच्या खोलीत येऊन गयावया करत, "मामी, लोक हसले हो, मी स्वतः ऐकलं." मामी शांतपणे म्हणत, "तुम्ही एकटेच हसलात. एका माणसाचा हशा होत नाही, साहेब."

त्या वर्षीचा उन्हाळा असा होता की त्याच्याबद्दल थापा मारायची सोयच राहिली नव्हती. कितीही फुगवून सांगा, ऐकणारा म्हणायचा, एवढंच? सभागृहाच्या भिंतीवर देशाच्या संस्थापकांची मोठी तैलचित्रं होती. त्यांतल्या एकाच्या मिशा उष्म्यानं पातळ होऊन हनुवटीपर्यंत उतरल्या, आणि शाळेच्या सहलीला आलेली पोरं त्यांना भलत्याच कुणाच्या तरी नावानं ओळखू लागली, असं सांगतात. खरंखोटं तो रंगारी जाणे. पण गार हवेच्या यंत्रानं मान टाकली हे खरं. पंखे आणले, तर पंखे आणि ध्वनिक्षेपक दोन्ही एकदम चालवले की दिवे जात. कोणतं ठेवायचं यावर मत घेतलं तेव्हा सभागृहानं क्वचित दिसणाऱ्या एकोप्यानं पंखे निवडले. आवाज काय, तो ज्याच्या त्याच्याकडे घरचाच होता. ध्वनिक्षेपकाबरोबर आवाज साठवणारं यंत्रही गेलं. मग वर, छताच्या कडेनं असलेली झरोक्यांची रांग उघडायचं ठरलं. वर्षानुवर्षं रंगावर रंग चढून ते झरोके भिंतीशी एकजीव झाले होते. सुताराला बोलावलं, त्यानं पटाशीनं एकेक सोडवला, आणि कित्येक सरकारांनंतर पहिल्यांदा बाहेरची हवा आत आली. गरमच होती, पण बाहेरची होती.

त्या हवेच्या मागोमाग तो पक्षी आला. त्या वेळी कामकाजात हवामान विधेयक होतं, म्हणजे ऋतूंचं जे काही बिनसलं आहे त्याबद्दल देशानं काय करावं, याची चर्चा. ती तिसऱ्या आठवड्यात शिरली होती आणि अजून पहिल्या कलमाच्या पहिल्या ओळीतल्या 'तातडीने' या शब्दाशी अडली होती. पर्यावरणमंत्री बोलत होते. हात पुढे पसरून ते म्हणाले, "भावी पिढ्यांसाठी आपण..." आणि छतावरून काहीतरी मातकट खाली पडलं, पडता पडता सावरलं आणि मंत्र्यांसमोरच्या पाण्याच्या पेल्याच्या काठावर बसलं. चोच उघडी, गळ्याशी धडधड. त्यानं वाकून पाणी प्यायलं. मान वर करून गिळलं, परत वाकलं, परत प्यायलं. मंत्र्यांचा पसरलेला हात तसाच हवेत. मग पक्ष्यानं पंख झाडले, मंत्र्यांच्या चष्म्यावर दोन थेंब उडाले, आणि ते पाखरू गायला लागलं. आधी दोन खालचे सूर, जिना चढण्यापूर्वी पायरी चाचपावी तसे. मग एक गिरकी. गिरकीच्या टोकाला त्यानं एक उंच सूर असा काही धरून ठेवला की ऐकणाऱ्याचा श्वास तिथंच टांगून राहिला. आणि मग ओला पंजा झटकावा तसे बारीक बारीक ठिपके. परत पहिल्यापासून. कुणी खोकलं नाही. कुणी कागद चाळला नाही. सत्ताधारी बाकं गप्प, विरोधी बाकं गप्प, वरच्या सज्जातले वार्ताहर गप्प, पंखेसुद्धा जरा दमानं घेत असावेत असं मामींना वाटलं. शांतता! या जागेत त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे कधी ऐकलं नव्हतं.

कान आणि हात यांच्यामध्ये कुणी बसता कामा नये, असं मामींना लघुलिपी शिकवणारे मास्तर सांगत. मास्तर सडपातळ, तपकीर ओढणारे, आणि शिंक आली की स्वतःची शिंकही फळ्यावर लघुलिपीत लिहून दाखवणारे. "डोकं मध्ये आलं की संपलं. कानातून थेट हातात. अर्थ हा भामटा आहे, त्याला दारातच अडवा." मामींनी अडवला. इतका अडवला की दिवसभर देशाचं भवितव्य कानातून हातात वाहून गेलं तरी संध्याकाळी त्यांना विचारावं तर आज चर्चा कशावर होती हे आठवत नसे. कुणाचा आवाज बसला होता तेवढं आठवे. लघुलिपीत प्रत्येक शब्द पुरा लिहीत नाहीत. जी शब्दांची जोडी पुन्हा पुन्हा येते तिला एकच खूण असते, लिहिणारा ती स्वतःच पाडतो. 'राष्ट्रहिताच्या दृष्टीने' म्हणजे मामींची एक आकडी. 'भावी पिढ्यांसाठी' म्हणजे आकडीला शेपूट. मामी नोकरीला लागल्या तेव्हा 'अभूतपूर्व उष्मा' असं कुणी म्हटलं तर ते सगळं अक्षर अक्षर लिहावं लागे, कारण ते कधी यायचंच नाही. मग ते दर दोन-चार वर्षांनी येऊ लागलं, मग दर वर्षी, मग एका अधिवेशनात इतक्यांदा की हात दुखायला लागला, आणि एका दुपारी हातानं आपसूकच त्याची एक बारीकशी फटकार पाडली. पूर्वी कधीही न झालेलं असं काही, आणि त्याला रोजच्या वापराची खूण! हे तेव्हा मामींच्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता, पक्षी गात असताना, एकदम आलं. त्यांना हसू फुटलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, खरं तर भ्यायला हवं होतं आणि त्या भ्यायल्याही, पण त्या भीतीच्या कडेकडेनं हसू वर आलं, उकळत्या दुधाच्या बुडबुड्यासारखं. कान उघडा होता, हात मोकळा होता आणि मध्ये कुणीतरी येऊन बसलं होतं. मामींनी ओळखलं, त्या स्वतःच होत्या.

पूर्वी हिवाळी अधिवेशनाला सदस्य लोकरीचे कोट घालून येत. सभागृहात डांबरगोळ्यांचा वास भरून राही, तो वास म्हणजेच हिवाळा असं मामींच्या नाकानं ठरवून टाकलं होतं. कोट कधी गेले? एक दिवस सगळ्यांनी मिळून काढून ठेवले असं झालं नाही. आधी तरुण सदस्यांनी काढले, मग जाडजूड सदस्यांनी. मग एकच म्हातारे सदस्य तत्त्व म्हणून कोट घालून येत आणि घाम पुसत बसत, आणि मग तेही वारले. 'कोट' असा शब्द काही कुणी भाषणात उच्चारला नाही, त्यामुळे तो मामींच्या हातात आला नाही, त्यामुळे तो कुठंच लिहिला गेला नाही. देशाचा हिवाळा गेला आणि इतिवृत्तात त्याची साधी नोंद नाही. बोललं गेलं तेवढंच लिहायचं. न बोलता जे जे होतं त्याला कंस. आणि कंस तरी किती, बोटांवर मोजण्याइतके. या शांततेला कंस कुठला? हशा नाही, टाळ्या नाहीत, व्यत्यय... मामींनी मनातल्या मनात व्यत्यय हा शब्द त्या पेल्याच्या काठावर ठेवून पाहिला. बसेना.

मग पक्षी उडाला, झरोक्याच्या उजेडात एक क्षण काळा ठिपका झाला आणि नाहीसा झाला. सभागृह कसनुसं झालं, देवघरात शिंकल्यावर होतं तसं. कुणी घसा साफ केला. मंत्र्यांनी हात खाली घेतला, पेल्याकडे पाहिलं, प्यावं की नाही ठरवता येईना म्हणून पेला हलकेच बाजूला सरकवला, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मामींच्या पाठीवर टिचकी पडली. पुढची पाळी घ्यायला जावईबापू आले होते. हे मामींचे सहकारी. चालणं, बसणं, चहाची वाट पाहणं, सगळं सासुरवाडीला आल्यासारखं, म्हणून जावईबापू. ते कुजबुजले, "मामी, हे काय, कागद कोरा?"

"कोरा नाही," मामी म्हणाल्या, "ठिपका आहे."

आतल्या खोलीत बसून त्यांनी भाषण उतरवलं, आणि 'भावी पिढ्यांसाठी आपण' यानंतर लिहिलं: (एक पक्षी आत आला, मंत्रिमहोदयांच्या पेल्यातले पाणी प्याला आणि गायला. सभागृह ऐकत होते.) लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं. त्यांना कानामागे गुदगुल्या झाल्या.

मुख्य प्रतिवेदकांना मात्र घाम फुटला, म्हणजे होताच तो वाढला. ते टिपणाऱ्या सगळ्यांचे साहेब, मामींपेक्षा वयानं लहान, हुद्द्यानं मोठे. रागावायचं असलं की आधी त्यांना खुर्ची देत.

"बसा मामी. हे काय आहे?"

"कंस आहे, साहेब."

"अहो, हा कंस आहे की कादंबरी? व्यत्यय लिहा. एक शब्द. सुटलो."

"कुणी कुणाला व्यत्यय आणला?"

"पक्ष्यानं मंत्र्यांना."

"मला उलटं वाटलं होतं."

साहेबांनी डोळे मिटले. "मामी, पक्षी सदस्य नाही. पाहुणा म्हणूनही त्यानं पास घेतलेला नाही. त्यात सरकारी पेल्यातलं पाणी प्यायला. हे छापलं तर उद्या विचारतील, झरोके कुणाच्या हुकमानं उघडले? आणि 'सभागृह ऐकत होते' हे तुम्ही कशावरून लिहिलंत? या सभागृहावर असा आरोप आजवर कुणी केलेला नाही."

एवढ्यात मंत्र्यांचे सहायक घाईघाईनं आले. मंत्रिमहोदयांचं एक वाक्य अपुरं राहिलंय, ते पुरं करून घ्यायचं होतं. "भावी पिढ्यांसाठी आपण... पुढे काय?" साहेबांनी विचारलं. सहायक म्हणाले, "ते त्यांनाही आठवत नाहीये. तुम्हीच बघा म्हणाले, नेहमी जे असतं ते घाला." मामींनी मान हलवली. "नेहमी पुढे टाळ्या असतात. वाक्य असं काही नसतं." साहेबांना हसू आवरलं नाही, आणि मग हसल्याचा राग आला. त्यांनी लाल पेनानं कंसाभोवती वर्तुळ काढलं. हा मजकूर राहणार की जाणार हे आता अध्यक्षच ठरवतील, उद्या, भर सभागृहात. कारण सभागृहाबद्दल कुणी काही लिहिलं तर ते पुसायचा अधिकार फक्त त्यांना. "तोवर विचार करा मामी. व्यत्यय म्हणालात तर आत्ता मिटवतो."

व्यत्यय म्हणणं सोपं होतं. बसमधून घरी जाताना मामींनी तो शब्द दोन-तीनदा जिभेवर घोळवला, आणि दर वेळी खिडकीबाहेर काहीतरी दिसून तो राहून गेला. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाईकाला अर्धं भादरून ठेवून वादळवाऱ्यावर बोलत होता. दुपारी तापलेला रस्ता आता उष्णता परत देत होता, उसनी आणल्यासारखी. एक कुत्रं दुकानाच्या पायरीखालच्या गारव्यासाठी दुसऱ्या कुत्र्याशी अतिशय सभ्यपणे वाटाघाटी करत होतं. हे सगळं रोजच असणार. मामी रोज या बसनं येत आणि रोज काहीही ऐकत नसत, कारण दिवसभर कान देशाला दिलेला असे आणि संध्याकाळी तो नुसता घरी टांगायचा असे. आज कान भुकेला होता. बसचा वाहक शिट्टी मारण्याआधी एक बारीक श्वास घेतो, हे त्यांना आज कळलं. केवढी मौज! उद्या कुणी विचारलं की त्या उन्हाळ्यात काय झालं, तर जाड जाड खंड उघडतील आणि त्यांत फटकारीवर फटकार सापडेल, अभूतपूर्व, अभूतपूर्व, अभूतपूर्व. आणि एक तहानलेलं पाखरू देशाच्या पेल्यातून पाणी प्यायला आलं होतं आणि देश एकदाचा गप्प बसला होता, हे कुठंच नसेल. मामींना मनापासून वाटलं की हे असलं पाहिजे. त्यांना दुसरं काहीच नको होतं. बढती नको, निरोप-समारंभात शाल नको. तेवढा एक कंस हवा होता.

घरी ताई होती. मामींची थोरली बहीण. दोघी एकट्या, दोघी हट्टी. ताईचं राज्य म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीतलं कुंडीतलं लिंबाचं झाड.

"आलीस? देशाचं काय म्हणणं आहे?"

"ताई, आज एक पक्षी आला सभागृहात."

"बरं झालं. कुणीतरी निवडून न येता आलं." ताईनं चहा पुढे केला. मग सगळी हकिगत ऐकून म्हणाली, "आणि ते काढून टाकणार?"

"उद्या ठरणार."

"काढलं तर काढलं. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"आपला बाप एकच होता, ताई."

"म्हणून तर विचारते, माझं काही जायला नको." ताई हसली, आणि तिच्या नेहमीच्या विषयाकडे वळली. लिंबाला यंदा तिसऱ्यांदा फुलं आली होती. "त्याला कळेनासं झालंय गं, कोणता महिना चालू आहे ते. गरम झालं की फुलतं, परत गरम झालं की परत फुलतं. मी त्याला रोज सांगते, अरे बाबा, दम धर, हा उन्हाळा तोच आहे. फळ एक धरत नाही, नुसता वास. पण वास कसा आहे बघ." ही कहाणी ताई वर्षभर सांगत असावी. मामींनी आज ती पहिल्यांदा ऐकली. त्या उठून गॅलरीत गेल्या, वाकल्या, नाक फुलाला लावलं आणि तशाच राहिल्या. खुळ्या झाडाचा खुळा वास, बेहिशेबी, अवेळी, पोटभर. काहीतरी फार मोठं चुकत होतं आणि त्या चुकीला इतका गोड वास होता. "ऐकते आहेस ना?" ताईनं आतून विचारलं, सवयीनं. "ऐकते आहे," मामी म्हणाल्या, आणि आतली कपबशी एकदम वाजायची थांबली. ताईला हे उत्तर नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरं संपता संपता अध्यक्षांनी विषय काढला. एका नोंदीबद्दल आपल्याकडे विचारणा आली आहे. ती कामकाजाचा भाग नाही असं सकृद्दर्शनी वाटतं. ती वगळण्याचा आदेश आपण देत आहोत. एवढं म्हणून ते पुढे जाणार, तोच विरोधी बाकांवरून आबा उठले. आबा म्हणजे सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. दोन्ही बाजू त्यांना आबा म्हणत आणि दोन्ही बाजूंना ते मूर्ख म्हणत. "हरकतीचा मुद्दा आहे, अध्यक्ष महाराज! काय वगळायचं ते सभागृहाला कळल्याशिवाय वगळता येत नाही. नियमच आहे. वगळायचे शब्द नेमके सांगावे लागतात." सत्ताधारी बाकांवरून कुणी ओरडलं, "पक्ष्याला शब्द नसतात!" आबा वळले. "म्हणूनच तो तुमच्यापेक्षा बरा बोलला." मग जे सुरू झालं ते टिपताना टेबलाशी मामींच्या शेजारी बसलेल्या जावईबापूंच्या पेनाला धाप लागली. पक्षी विरोधी बाजूच्या झरोक्यातून आला म्हणून तो विरोधकांचा. छे, तो मंत्र्यांच्या पेल्यावर बसला, म्हणजे त्याचा सरकारवर विश्वास आहे. तो सरकारच्या नाकर्तेपणामुळे तहानलेला होता. पण पाणी त्याला सरकारनंच पाजलं! अध्यक्ष हातोडा आपटत राहिले. शेवटी त्यांनी, सुटकेचा तेवढाच मार्ग दिसला म्हणून, आदेश दिला: ज्यांनी नोंद केली त्यांनी ती सभागृहाला वाचून दाखवावी, नेमकी, पूर्ण.

मामी उभ्या राहिल्या. या जागेत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. बसलेल्या कोनातूनच त्यांना हे सभागृह ठाऊक होतं, हनुवट्यांच्या खालून. उभं राहिल्यावर ते लहान दिसलं, आणि माणसं थकलेली दिसली, उकडलेली, कॉलर सैल केलेली, घरी कुणाला तरी फोन करायचा राहून गेलेली. त्यांनी कंस वाचला. 'सभागृह ऐकत होते' इथं आवाज जरा हलला. मग आबांनीच खोडी काढली. "अपुरं आहे, अध्यक्ष महाराज. 'गायला' म्हणजे काय गायला? मी 'बोललो' एवढंच लिहून चालतं का? नेमकं म्हणजे नेमकं!" हशा झाला, मामींच्या मनानं सवयीनं ठरवलं, मोठा हशा. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहत होते. मामींना शीळ येत नव्हती. दाढी करताना त्यांचे वडील शीळ घालत, फेसानं गाल भरलेले, ओठांचा तेवढा एक गुलाबी चंबू मोकळा. आणि आई स्वयंपाकघरातून ओरडे, गाल कापेल हो. कापायचाच. कापलेल्या गालानं ते परत शीळ घालत. मामींनी ओठांचा तसा चंबू केला आणि फुंकलं. आधी नुसती हवा. मग खालचे दोन सूर, चाचपत. मग गिरकी, ती जरा वेडीवाकडी झाली, पण झाली. उंच सूर धरायला गेल्या तो फाटला, आणि त्या थांबल्या.

"चूक!" पर्यावरणमंत्री उभे राहिले होते. ते कसे उभे राहिले हे त्यांनाही कळलं नसावं. "क्षमा असावी, मी सगळ्यात जवळ होतो. गिरकीनंतर तो थेट वर गेला नाही. आधी किंचित खाली आला." त्यांनी चष्मा काढला, शेवटच्या चार ठिपक्यांपर्यंत शीळ घालून दाखवली, आणि खरोखर, तसंच होतं ते. "मंत्रिमहोदय ही दुरुस्ती मांडत आहेत का?" अध्यक्षांनी सवयीनं विचारलं. "हो," मंत्री म्हणाले, "मांडतो." आबा कडाडले, "माझी दुरुस्तीला उपदुरुस्ती! शेवटचे ठिपके चार नाहीत, पाच!" आणि त्यांनी आपल्या म्हाताऱ्या तोंडानं, दातांच्या कवळीत शीळ अडकत, पाच ठिपके टाकून दाखवले. मागच्या बाकांवरून कुणी तिसराच सूर काढला. तिजोरी सांभाळणारे मंत्री, ज्यांना कुणी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, ते खर्जात म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना त्यानं एक सूर गाळला होता, काटकसर म्हणून. थोडा वेळ त्या सभागृहात शब्द असे उरलेच नाहीत. उघड्या झरोक्यांखाली पिकलेली, पोक्त, पोटं सुटलेली माणसं एकमेकांना दुरुस्त करत शीळ घालत होती, आणि दुसरा घालत असताना पहिला थांबून ऐकत होता, कारण ऐकल्याशिवाय चूक काढता येईना.

अध्यक्षांनी दुरुस्त्या मताला टाकल्या. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. छताला धक्का बसेल एवढा होय आला. प्रतिकूल? अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणीच नाही. त्या अधिवेशनात 'तातडीने' या शब्दावर ज्यांचं एकमत होत नव्हतं त्यांनी एका तानेतले सूर एकमतानं मंजूर केले होते. मग अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं, बुद्धिबळात आपणच आपला राजा अडवला हे कळल्यावर उमटतं ते. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. सदस्य जे बोलतो ते आपल्याला वगळता येतं, ते सावकाश म्हणाले. पण सभागृहानं जे दुरुस्त करून मंजूर केलं ते आता सभागृहाचं झालं. ते वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही. नोंद कायम राहील, दुरुस्त्यांसह. मुख्य प्रतिवेदकांनी दाराशी उभ्या उभ्या कपाळाला हात लावला. जावईबापूंनी पेन खाली ठेवून मामींकडे पाहिलं आणि फक्त ओठांनी विचारलं, आता हे मी कसं लिहू? मामींना त्यांची दया आली, पण फार नाही.

अजून विधेयक होतंच. पहिलं कलम होतं, 'तातडीने' होतं, आणि बाहेर दुपार अशी तापत होती की झरोक्यांच्या चौकटी कुरकुरत होत्या. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारण्यासाठी हातोडा उचलला. उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्यांचा एक कान जड होता. तो नेमका कोणत्या बाजूचा यावर सत्ताधारी आणि विरोधक यांचे वेगवेगळे दावे होते. त्यांनी घसा साफ केला आणि अत्यंत सरकारी आवाजात म्हटलं, "नोंद अंतिम करण्यापूर्वी मंजूर झालेला मजकूर सभागृहासमोर पुन्हा एकदा संपूर्ण वाचला जावा." मग पुढे वाकून, हातोडा पुस्तकावर अलगद ठेवत, जरा खालच्या पट्टीत: "जरा सावकाश, मामी. काल मला नीट ऐकू आलं नव्हतं."

मामींनी ओठ ओले केले.